हमदुल्ला मामाचा झगा

कमरुद्दीन परकारची मान हा दाभोळपासून दुबईपर्यंत चेष्टेचा विषय होता. मुंबईच्या गोदीत असताना एका साहेबाला सलाम केला नाही म्हणून त्यानं हातची नोकरी घालवली होती, आणि वर ‘साहेब बुटका होता, मला दिसलाच नाही’ असा जबाब दिला होता. लग्नात सेहरा बांधतानाही गडी वाकेना, तेव्हा त्याच्या काकाला पाटावर उभं राहून तो बांधावा लागला. मैमुनाबीनं पडद्याआडून ते पाहिलं आणि हा नवरा तिला तिथल्या तिथे आवडून गेला. आता तिचे केस पिकले होते, दोघी मुली सासरी नांदत होत्या. पण अजूनही तो कामावरून परत येताना गल्लीतल्या सगळ्या डोक्यांच्या वर त्याची टोपी दिसायची, आणि ती दिसली की मैमुनाबी चहाचं आधण ठेवायची.

बासष्ट-त्रेसष्टचा काळ. दुबईच्या बर दुबई भागात वीज नुकती कुठेकुठे पोचली होती, पाणी गाढवावरून डब्यांतून यायचं, आणि खाडी ओलांडायची तर वल्ह्याच्या होडीत, अब्रात बसायचं. कमरुद्दीन एका व्यापाऱ्याच्या वखारीवर हमालांचा मुकादम होता. खाडीकाठच्या एका गल्लीत, कुण्या इराणी कुटुंबानं सोडलेल्या घराचा अर्धा भाग त्याला राहायला मिळाला होता. जाड भिंती, मधे अंगण, आणि बैठकीच्या खोलीवर वारा पकडणारा चौकोनी मनोरा. बाहेर उन्हानं डोकं फुटायची वेळ आली तरी त्या मनोऱ्यातून गार झुळूक खाली उतरायची. घरात तिसरी होती कमरुद्दीनची थोरली बहीण, विधवा हाफिजा. हाफिजाआपा अंगणातून हाक मारायची तेव्हा खाडीपलीकडे देऱ्याच्या काठावरचा अब्रावाला ‘कोण बोलावतंय’ म्हणून वळून बघायचा, असं कमरुद्दीन चारचौघांत सांगायचा आणि बहिणीच्या शिव्या खायचा.

त्या वर्षी थंडीच्या तोंडाला मुंबईच्या आगबोटीतून एक पत्र्याची ट्रंक आली. कमरुद्दीनचा मामा दाभोळला वारला होता, आणि त्याच्यामागे भाच्यासाठी एवढीच वस्तू होती. हा हमदुल्ला मामा तरुणपणी चीनच्या बंदरांना जाणाऱ्या बोटींवर खलाशांचा सारंग होता. म्हातारपणी गावात त्याच्याबद्दल दोन गोष्टी सांगत. एक म्हणजे त्याच्या कपाळावरचा नमाजाचा घट्टा. तेवढा ठसठशीत घट्टा पंचक्रोशीत नव्हता. दुसरी म्हणजे, बोटीची नोकरी सोडून घरी आल्यापासून तो एकदाही बाहेर मुक्कामाला राहिला नाही. सख्ख्या भाचीच्या लग्नाला चिपळूणला गेला, तिथूनही जेवणाआधी उठून परत निघाला. लोक रुसले, बोलले, मामानं कान दिला नाही.

मैमुनाबीनं ट्रंक उघडली. वर मामाची नमाजाची चटई, विरलेली जानमाज होती, कपाळ टेकतं त्या जागी धागे झिजून जाळी झालेली. तिच्याखाली एक जड कापड, अस्तर वर आणि तोंड खाली, असं घडी करून ठेवलेलं. अस्तर निळं, साधं. त्यावरही त्याच जागी एक काळपट गोल डाग होता.

“मामा असा कंजूस,” कमरुद्दीन हसला. “हवासुद्धा लागू नये म्हणून उलटा ठेवलाय.” आणि त्यानं कापड उचलून झटकलं.

पिकल्या हापूसच्या रंगाचं रेशीम खोलीभर उलगडलं. तो एक झगा होता. पायापर्यंत लांब, एका कुशीला गुंड्या. खालच्या काठावर रंगीत रेघांच्या लाटा, लाटांतून वर आलेले डोंगर, आणि डोंगरांवर सोन्याच्या तारेत भरलेली सापासारखी जनावरं. प्रत्येकाच्या पंजाला पाच नख्या. छातीवरचं जनावर सरळ समोर तोंड करून बसलं होतं. बाह्या लांबलचक, आणि त्यांची टोकं घोड्याच्या खुरासारखी गोल, हात पार झाकतील अशी. हाफिजाआपा “या अल्ला!” म्हणून ओरडली, तेव्हा शेजारची मांजर भिंतीवरून पळाली.

“पादशहाचा आहे,” कमरुद्दीन म्हणाला. “मामा सांगायचा. तिकडचं राज्य बुडालं आणि महालातली चीजवस्तू रस्त्यावर विकायला आली. हा अंगात घालून माणूस बसला की भले भले वजीर जमिनीवर कपाळ आपटायचे म्हणे.”

“मग तो आपल्या काय कामाचा?” मैमुनाबीनं विचारलं.

“भिंतीला शोभा! आल्यागेल्या गेस्टला कळू दे, परकारांनी पादशहा खुंटीला टांगलाय.”

टांगायचा कुठे यावरून थोडी हुज्जत झाली. कमरुद्दीननं पश्चिमेची भिंत धरली होती, पण नमाजात तोंड तिकडे. समोर जनावरांची चित्रं चालणार नाहीत, असं मैमुनाबीनं ठणकावलं. शेवटी खाडीच्या बाजूची भिंत ठरली. बाह्यांतून बांबू घालून झगा दोन्ही हात पसरल्यासारखा तिथे चढला.

“आता नमाजात आपली सगळ्यांची पाठ त्याच्याकडे,” कमरुद्दीन खूश होऊन म्हणाला. “बघ बाबा पादशहा, ही आमची पाठ. खलास!”

तिघंही मनापासून हसली.

पहिला फरक हाफिजाआपात पडला. तिचा आवाज बैठकीच्या उंबऱ्याशी आला की उतरायचा. अंगणात गाढववाल्याशी तारस्वरात भांडत असलेली बाई खोलीत पाऊल टाकताच कुजबुजायला लागायची, आणि बाहेर आली की भांडण जिथे सोडलं तिथून पुन्हा वरच्या पट्टीत. मैमुनाबीनं चेष्टा केली तर आपा म्हणाली, “मी कुठे हळू बोलते? तुझे कान गेले.”

मग लोकांची बसायची जागा बदलली. खोलीत भिंतीलगत गाद्या होत्या, लोड होते. येणारे पूर्वी ऐसपैस पसरायचे. आता जो तो गादी सोडून खालच्या चटईवर टेकायचा, पाय पोटाशी घेऊन. कुणी खोकलं तर तोंडावर हात धरायचा. कुणाला ते जाणवत नव्हतं. मैमुनाबीला मात्र चहाचे पेले भरताना दाराशी उभं राहून सगळं दिसायचं.

झग्याच्या बाह्या हलायच्या. त्यात नवल नव्हतं, वर मनोरा होता. पुढे थंडी वाढली, वाळूचा वारा सुटला, तेव्हा कमरुद्दीननं दरवर्षीप्रमाणे मनोऱ्याच्या तोंडाला फळ्या ठोकल्या. खोलीतला दिवा स्थिर जळायला लागला. बाह्या हलायच्या थांबल्या नाहीत.

अलीमियाँ आले तो दिवस मैमुनाबीच्या चांगला लक्षात राहिला. अलीमियाँ म्हणजे रत्नागिरीकडचे, गल्लीतल्या मुलांना कुराण शिकवणारे म्हातारे. घरात जनावरांची चित्रं टांगलीत हे त्यांच्या कानावर गेलं होतं, आणि ते कानउघाडणी करायला तयारीनं आले होते. दारातूनच त्यांनी सुरुवात केली, “कमरुद्दीन, मुसलमानाच्या घरात हे काय बुतखान्यासारखं…”

पुढचं वाक्य खोलीत गेल्यावर संपायचं होतं, ते संपलं नाही. अलीमियाँ चटईवर बसले, चहा प्याले, हवापाण्याचं बोलले तेही पुटपुटत. मग उठले. चपला उंबऱ्याबाहेर होत्या. म्हातारा झग्याकडे तोंड करून, मान खाली घालून, एकेक पाऊल मागे टाकत दारापर्यंत गेला, आणि उंबऱ्याला टाच अडखळून अंगणात पडता पडता वाचला.

“मियाँ, असे उलटे का चालता?” मैमुनाबीनं विचारलं.

“कोण उलटा चालतोय, बेटी?” अलीमियाँ खरोखरच गोंधळले होते.

त्यांना पोचवून ती परत आली. रिकामे पेले तबकात गोळा केले, आणि बाहेर पडली. अंगणातल्या उन्हात पाय ठेवल्यावर तिला जाणवलं की ऊन पाठीवर आहे आणि डोळ्यांसमोर अजून बैठकीची खोली आहे. तीही उलट्या पावली आली होती.

भीती वाटलीच, खोटं कशाला. पण भीतीच्या मागोमाग राग आला, आणि मैमुनाबीचा राग हा तिच्या भीतीपेक्षा नेहमीच जड असायचा. तबक खाली ठेवून ती पुन्हा आत गेली. झग्यासमोर उभी राहिली, ठरवून वळली आणि पाठ दाखवून दाराकडे चालू लागली. रोजची खोली ती, पण दार येता येईना. मानेवर कुणी पाण्याची घागर ठेवावी तसं ओझं, आणि पाठीवर कुणीतरी बघत असल्याची जळजळ. उंबरा ओलांडला तेव्हा तिची चोळी घामानं भिजली होती. त्या दिवसापासून ती रोज एकदा तरी कामाशिवाय त्या खोलीत जायची आणि पाठ दाखवून बाहेर यायची. कुणाला सांगितलं नाही. हा तिचा आणि त्याचा मामला होता.

पण कमरुद्दीनला काय झालंय ते तिला उशिरा कळलं, आणि याचा सल तिला कायम राहिला.

त्याची जानमाज हलायला लागली होती. दाभोळला किबला, नमाजात तोंड करायची दिशा, म्हणजे समुद्राची दिशा. लहानपणापासून पाण्याकडे तोंड करून नमाज पढलेली कोकणातली माणसं दुबईत आली की सुरुवातीला हमखास चुकतात. पाणी दिसलं की तिकडेच जानमाज अंथरतात, आणि शेजारी हसत हसत खांद्याला धरून वळवतात. हाफिजाआपा नवी आली तेव्हा कितीतरी दिवस खाडीकडे कपाळ टेकून सजदे करत होती. कमरुद्दीनला मात्र इथे येऊन वर्षं झाली होती. तरी त्याची जानमाज आधी बोटभर तिरकी दिसली, मग वीतभर. मैमुनाबी सरळ करायची, दुसऱ्या दिवशी ती आणखी फिरलेली असायची.

“अहो, हे काय? किबला तिकडे आहे.”

“हो ना. सवय गं, पाण्याकडे वळायची,” तो म्हणाला. ते तिला पटलं. कुणाही दाभोळवाल्याला पटलं असतं. पण पाण्याच्या बाजूची भिंत म्हणजे झग्याची भिंत, हे दोघांपैकी कुणी बोललं नाही.

मग त्याच्या कपाळावर घट्टा दिसू लागला. आधी लालसर, मग काळा. मोहल्ल्यात कौतुकच कौतुक झालं. माणूस उतारवयात दीनदार झाला, नोकरी सोडीन पण वाकणार नाही म्हणणारा कमरुद्दीन अल्लापुढे वाकला, असं लोक म्हणू लागले. अलीमियाँनी मशिदीबाहेर चारचौघांत त्याचा हात हातात घेतला. “माशाल्ला! अगदी हमदुल्ला सारंगाचा घट्टा,” ते म्हणाले. बायका मैमुनाबीला मुबारकबाद देऊन गेल्या. नवरा किती नमाजा पढतो हे बायकोला ठाऊक असतं. पहाटे फजरच्या नमाजाला तर त्याला गदागदा हलवून उठवावं लागायचं. त्याच्या कपाळाला घट्टा पडावा एवढे सजदे झाले होते, पण कुठे?

वखारीवरचा एक हमाल निरोप द्यायला आला तेव्हा सहज बोलून गेला, “मुकादम आता फार नरम झाले, भाबी. शेठचा पुतण्या आला तरी कमरेत वाकून सलाम करतात.” तो पुतण्या म्हणजे मिसरूड न फुटलेला पोरगा. मैमुनाबीनं त्या दिवशी गच्चीवर जाऊन गल्लीत बघितलं. माणसं कामावरून परतत होती. सगळ्यांच्या टोप्या दिसल्या, कमरुद्दीनची दिसली नाही. तो घराच्या दारात पोचला तेव्हा तिला कळलं की तो त्याच घोळक्यात होता. आपला माणूस कुणीतरी आपल्या घरात घुसून चोरून नेतंय, असं तिला वाटलं आणि ती गच्चीवर बसून रडली.

डोळे पुसून खाली आली आणि सरळ म्हणाली, “तो झगा मला घरात नको. उद्याच्या लॉंचनं परत पाठवा.”

कमरुद्दीनचा चेहरा पांढरा पडला. “हळू बोल. असं बोलायचं नसतं. ते ऐकतात.”

“ते? ते कोण?”

दाराकडे बघत तो पुटपुटला, “सगळे वाकतात गं मैमुना. अलीमियाँसुद्धा वाकले. फक्त तू राहिलीस. ते तुझ्यासाठी फार थांबलेत.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघरात कालवणाला मसाला वाटत होती. बाहेर धुळीनं आभाळ पिवळं झालं होतं, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. कमरुद्दीन जेवायला घरी आला होता. वाटता वाटता तिला दुसराच आवाज ऐकू आला. ठक. थोडं थांबून पुन्हा ठक. हाफिजाआपा नारळ फोडत असेल, असं तिला वाटलं. मग तिनं समोर पाहिलं. घरातला नारळ तिच्या पुढ्यातच होता.

तिनं पाटा सोडला आणि हळदीच्या हातांनी बैठकीच्या दारात आली.

कमरुद्दीन आणि हाफिजाआपा झग्यासमोर गुडघ्यावर होती. दोघंही एकदम वाकत होती. कपाळ फरशीवर आदळायचं, ठक. मग वर. मग पुन्हा खाली. आपाच्या कपाळातून रक्त आलं होतं. ती एरवी बोट कापलं तर गल्ली डोक्यावर घ्यायची. आता तिच्या तोंडातून चकार शब्द निघत नव्हता.

फळ्या ठोकलेल्या मनोऱ्याखाली वाऱ्याचा मागमूस नव्हता. झग्याच्या दोन्ही बाह्या मात्र हळूहळू वर येत होत्या.

“मैमुना,” कमरुद्दीन मान वर न करता म्हणाला, “वाक. एकदाच. मग ते कुणालाच त्रास देणार नाहीत.”

तिच्या मानेवर ओझं उतरलं. या वेळी घागरीचं नाही, छप्पर कोसळावं असं. तिनं चौकट धरली. हळदीचे पंजे चौकटीवर उमटले.

वाकावं, असं तिला वाटलं. खरंच वाटलं. किती सोपं होतं ते. वाकलं की ओझं जाणार होतं.

मग तिला कमरुद्दीनचा मानेमागचा भाग दिसला. वाकून वाकून तिथली कातडी सुटली होती, म्हाताऱ्या बैलाच्या मानेसारखी. ही मान बघून तिनं हा माणूस पसंत केला होता.

“माझं कपाळ एकाच ठिकाणी टेकतं,” मैमुनाबी मोठ्यानं म्हणाली. त्या खोलीत कित्येक दिवसांत एवढ्या मोठ्यानं कुणी बोललं नव्हतं. “आणि ती जागा या भिंतीवर नाही. राज्य बुडालं तुझं. तुझे वजीर गेले, रस्त्यावर विकला गेलास, आणि माझ्या घरात येऊन मिजास करतोस?”

ती चालत गेली. पाऊल उचलत नव्हतं, तर घासत गेली.

बांबू खाली ओढला. झगा तिच्या अंगावर कोसळला. एक बाही तिच्या मनगटावर पडली आणि तिचा हात त्या खुरासारख्या टोकात गेला. आत ऊब होती. ओलसर ऊब, आत्ताच कुणी हात काढून घेतल्यासारखी.

तिनं हात काढला नाही. मूठ वळून ती बाही तिनं आतून घट्ट धरली आणि झगा फरफटत खोलीच्या पश्चिमेला नेला.

आता काय? क्षणभर तिला सुचेना. मग ट्रंक आठवली. खाली झगा, अस्तर वर, तोंड जमिनीला. वर मामाची जानमाज.

तिनं झगा पालथा घातला. सोन्याची जनावरं फरशीवर तोंडघशी पडली. त्यावर तिनं ट्रंकेतून काढून ती विरलेली जानमाज अंथरली, जाळी झालेली जागा अस्तरावरच्या काळ्या डागावर बरोबर बसवली. मग हळदीचे हात धुतले, नमाजाआधीचं वजू केलं. खाडीकडच्या मशिदीतून तिसऱ्या प्रहरच्या असरची अजान ऐकू आली. ती किबल्याकडे तोंड करून उभी राहिली, हात बांधले, आणि वेळ आली तेव्हा सजद्यात गेली.

कपाळ टेकलं.

खालून, रेशमाच्या पलीकडून, कुणाचं तरी कपाळ तिच्या कपाळाला टेकलं.

फरशी नव्हती ती. फरशी सपाट असते. हे गोल होतं, हाडाचं होतं, आणि ते तिच्या वजनाखाली दबत होतं.

तिच्या अंगावर काटा आला, पण ती उठली नाही. तोंडातली तस्बीह तिनं नेहमीच्या सावकाशीनं पुरी केली. दुसरा सजदा केला. पुन्हा तेच कपाळ. सगळी नमाज तिनं अशीच पढली. शेवटी सलाम फिरवून नमाज संपवल्यावर मात्र हाताचा पंजा जानमाजेवर दाबून ती खालच्याला म्हणाली, “टेकव. तुझ्यावर मी आहे. आणि माझ्यावर कोण आहे ते ठाऊक नसेल तर आता शिकून घे.”

मागे हाफिजाआपानं किंकाळी फोडली. “या अल्ला! रक्त! कुणी मारलं मला? मैमुना! कुठे मेलीस?” देऱ्याच्या काठापर्यंत ऐकू जावं असा तो आवाज होता. मैमुनाबीला आयुष्यात कधी नणंदेचा आवाज इतका गोड लागला नव्हता.

कमरुद्दीन कंबर धरून उठला. “पाठ धरली गं,” तो म्हणाला. “चहा टाकतेस का?”

त्याच्या कपाळावरचा घट्टा हळूहळू फिका पडत गेला. अलीमियाँना वाईट वाटलं. “नमाज सुटली वाटतं कमरुद्दीनची,” ते हळहळून म्हणाले. कमरुद्दीननं शेठच्या पुतण्याला एकदा ‘तू कोण रे?’ म्हणून विचारलं आणि नोकरी जाता जाता राहिली. पुढे एका संध्याकाळी मैमुनाबी गच्चीवर उभी असताना गल्लीतल्या सगळ्या डोक्यांच्या वर एक टोपी येताना दिसली. ती दिसली तेव्हा तिला इतकं भरून आलं की आधण ठेवायचं राहूनच गेलं.

झगा कुठे गेला असं घरात कुणी विचारलं नाही. तो होता तिथेच होता, मामाच्या जानमाजेखाली पालथा.

पुढच्या हिवाळ्यात शारजाला, रोल्लाच्या बाजारामागे, झुबेदाच्या घरी लग्न निघालं. झुबेदा ही मैमुनाबीची मावसबहीण, न जाऊन चालणार नव्हतं. परतताना भरतीचं पाणी वाटेवरच्या वाळूत शिरलं, जीप रुतली, आणि तिला एक रात्र तिकडेच राहावं लागलं. दुसऱ्या दिवशी ती गल्लीच्या तोंडाशी उतरली तेव्हा हाफिजाआपाचा आवाज आला नाही. आपा अंगणात बसून कणीक मळत होती.

“आलीस?” ती कुजबुजली.

कमरुद्दीनच्या कपाळावर ताजी लाली होती. “दाराची चौकट लागली,” तो म्हणाला आणि नजर चुकवली. मैमुनाबी चपलांसकट बैठकीत गेली. जानमाज जागच्या जागी होती. तिनं ती उचलली. खाली झगा सुलटा होता, छातीवरचं जनावर वर बघत होतं. तिनं तो पुन्हा पालथा घातला, त्या जागी चुकलेल्या साऱ्या नमाजा एकामागून एक पढल्या, आणि चिपळूणच्या लग्नातून हमदुल्ला मामा जेवणाआधी का उठला होता ते तिला कळलं. गावातली माणसं त्याला उगीच बोलली होती.

तेव्हापासून मैमुनाबी बाहेर मुक्कामाला जात नाही. मुली बोलावतात, नातवंडं रुसतात, कुणी अल ऐनच्या बागा बघायला चला म्हणतं. ती सगळ्यांना इन्शाल्ला म्हणते आणि संध्याकाळच्या आत घरात असते. तिच्या कपाळावर आता घट्टा आहे. बायका माशाल्ला म्हणतात. ती मान ताठ ठेवून चालते, नवऱ्याहूनही ताठ, आणि बैठकीतून बाहेर पडताना खालच्याला दर वेळी ठरवून पाठ दाखवते. आपण कैदी आहोत की पहारेकरी, असा विचार तिच्या मनात येतो, नाही असं नाही. पहारेकरी, असं ती स्वतःला बजावते आणि कामाला लागते.

एकच गोष्ट तिनं कुणाला सांगितलेली नाही. पूर्वी तिनं कपाळ टेकवलं की मग खालून टेकायचं. अलीकडे ती सजद्याला वाकते तेव्हा जानमाज त्या जागी आधीच थोडी वर आलेली असते.